यावनेतील पदच्युती

इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतर यहुदी विद्येचे केंद्र यावने येथील अध्ययनगृहाकडे सरकले आणि पुढे तेथे ‘नासी’, म्हणजे समाजप्रमुख, या पदावर हिलेलच्या घराण्यातील दुसरे रब्बान गमलिएल आले. मंदिरच उरले नसल्याने सण कोणत्या दिवशी पाळावेत, प्रार्थना किती वेळा करावी, हे नव्याने ठरवावयाचे होते. अशा काळात एकवाक्यतेचा त्यांचा आग्रह अवाजवी म्हणता येत नाही. कित्येक शतकांनंतर सिद्ध झालेल्या बॅबिलोनी तालमूद या संहितेतील हकिकत दोष ठेवते तो या आग्रहाला नव्हे, तर तो लादण्याच्या रीतीला.

रात्रीची प्रार्थना बंधनकारक की ऐच्छिक, असा वाद होता. रब्बी येहोशुआ ती ऐच्छिक मानतात हे कळताच गमलिएल यांनी त्यांना भरसभेत उभे केले आणि स्वतः बसून प्रवचन चालूच ठेवले. पूर्वी पंचांगाच्या वादातही, येहोशुआंच्या गणिताने योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा उपवास, ज्या दिवशी येत होता, नेमके त्याच दिवशी काठी आणि पैसे घेऊन हजर होण्याची आज्ञा त्यांना झाली होती व त्यांनी ती मुकाट्याने पाळली होती. या खेपेस मात्र सभाच खवळली. गुरूचे शब्द मोठ्या आवाजात श्रोत्यांपर्यंत पोचविणाऱ्या हुत्स्पितला लोकांनी गप्प केले, गमलिएल पायउतार झाले आणि अवघ्या 18 वर्षांचे एलाझार बेन अझर्या नेमले गेले, तेही पत्नीचा सल्ला घेतल्यावर. अंतर्बाह्य एक नसलेल्या विद्यार्थ्याला मज्जाव करणारा दारावरचा पहारेकरी हटविला गेला आणि त्या दिवशी 400 बाके वाढली, दुसऱ्या मताने 700. आकडे फुगवलेले असतील, परंतु आजवर किती जण बाहेर ताटकळत होते हेच त्यांतून सांगावयाचे आहे.

क्षमा मागण्यासाठी गमलिएल येहोशुआंच्या घरी गेले, तेव्हा काजळीने काळवंडलेल्या भिंती पाहून हा विद्वान कोळशाच्या धंद्यावर पोट भरतो हे त्यांना प्रथमच उमगले. विद्वानांची उपजीविका कशी चालते याचा पत्ताच नसलेला पुढारी ज्या पिढीच्या वाट्याला आला तिची येहोशुआंनी कीव केली. अपमानापेक्षाही हे अज्ञान त्यांना अधिक बोचले असावे. अखेर गमलिएल यांच्या वडिलांच्या मानाखातर ते निवळले. गमलिएल पुन्हा पदावर आले, पण प्रवचनाचे आठवडे आता एलाझार यांच्याशी वाटून घ्यावे लागले. मूळ वादात नियम म्हणून येहोशुआंचे मत टिकले; रात्रीची प्रार्थना ऐच्छिकच ठरली, आणि तरीही पुढील पिढ्यांनी ती आपण होऊन बंधनकारक मानली.