बांगडी ‘वाढली’, आणि दुष्काळ?

परवा स्पीकरफोनवर आई म्हणाली, "अरे, बांगडी वाढली माझी." शेजारी बसलेला आमच्या टीममधला दिल्लीकर सध्या मराठी शिकतोय. त्याने लगेच विचारलं, "मोठी कशी काय झाली?"

आता काय सांगणार! आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात, रात्री वाणी दुकान वाढवतो आणि घरातून निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. गंमत म्हणजे यात कोणीच फसत नाही. बांगडीचे तुकडे सगळ्यांना दिसत असतात, फक्त अभद्र शब्द तोंडातून काढायचा नसतो, इतकंच.

पण असाच एक मऊ शब्द खुद्द सरकारने कायदा करून आणला होता, हे मला अगदी अलीकडे कळलं.

थोडं मागे जाऊ. १८७६-७८च्या भयंकर दुष्काळानंतर ब्रिटिशांनी एक कमिशन नेमलं. १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून पुढे ‘फॅमिन कोड’ तयार झाले. एकदा ‘फॅमिन’ जाहीर झालं की सरकारने काय काय करायचं, ते त्यात लिहिलेलं होतं. मजुरीची कामं काढायची, ज्यांना काम झेपत नाही त्यांना फुकट मदत द्यायची, वगैरे. थोडक्यात, तो शब्द उच्चारला की जबाबदारी अंगावर यायची.

१९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकायचा आणि तिथे ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, घालायचा! सरकारचं म्हणणं असं की, आता पिकांवर सतत लक्ष असतं, मदत वेळेवर पोचते, त्यामुळे फॅमिन पडायला वावच उरलेला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बग दुरुस्त करण्याऐवजी एरर मेसेज बदलला.

आणि नऊच वर्षांनी बहात्तर उजाडलं.

माझी आजी बीड जिल्ह्यातली. मी तिला सांगितलं, "आजी, तेव्हा सरकारी कागदावर दुष्काळ नव्हता, टंचाई होती."

"टंचाई व्हय? टंचाई पाव्हणे आल्यावर दुधाची व्हती. तवा मी खडी फोडत व्हते!"

लाल मिलो आणि सुकडीच्या गोष्टी मग तासभर चालल्या.

सरकारच्या बाजूनेही बोलायला हवं. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. त्या कामांमुळे असंख्य जीव वाचले. म्हणजे शब्द बदलला तरी काम टळलं नाही. का? कारण परिस्थितीच तशी होती, आणि लोक मोर्चे काढून काम मागत होते. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून.

‘टंचाई’ आणि ‘हमी’ हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा. पहिल्यात कोणी कोणाला काहीच देणं लागत नाही. दुसऱ्यात मात्र जाब विचारता येतो.

जुनी खोड मात्र जात नाही. पुढे कागदावर ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ आली. २०१६ साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजलं, तेव्हा कुठे सरकारने ‘दुष्काळसदृश’च्या जागी ‘दुष्काळ’ असं वाचावं, असं जाहीर केलं.

तेव्हापासून मी एक साधी टेस्ट लावतो. मऊ शब्द वापरल्याने नक्की कोणाला बरं वाटतं? ज्याचं नुकसान झालंय त्याला वाटत असेल, तर खुशाल वापरा. ज्याने ते भरून द्यायचं त्याला वाटत असेल, तर जरा सावध! ऑफिसात ‘राइटसायझिंग’ची मेल आली की मला हल्ली आजीची खडी आठवते.

असो. बराच वेळ झाला, आता दुकान वाढवतो. येतो!