पायडलापासून नांगरापर्यंत

आपल्या बेळगावातला किर्लोस्कर रोड रोजच्या जाण्यायेण्याचा. पण त्या नावाच्या उद्योगाची सुरुवात सायकलच्या दुकानाने झाली, हे नव्या पिढीला ठाऊक असेलच असे नाही. लक्ष्मणराव व रामूअण्णा या बंधूंनी १८८८ साली येथे ते दुकान काढले. तीनच वर्षांपूर्वी इंग्लंडात स्टार्लीची ‘रोव्हर’ आली होती. पायडले मधोमध क्रँकवर, आणि साखळीने फिरणारे मागचे चाक.

क्रँकची देखभाल म्हणजे यंत्रविद्येची बाराखडीच. जुन्या धाटणीच्या सायकलीत क्रँक धरून ठेवणारी कॉटर पिन ही खरे तर पाचर. ती झिजली की पायडल मारताना टकटक होते. नुसते ठोकून भागत नाही, नवी घालावी लागते. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात; सुलटे असते तर चालवता चालवता ते सैल झाले असते.

झीज, आटे, छर्रे ओळखणारा हात पुढे चारा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीशीही झगडला. १९१० साली कारखान्याला बेळगाव सोडावे लागले. औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

कारखाना गेला याची हळहळ आपण करतोच. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे मुलांना घटकाभर बसवणे मात्र अजून आपल्याच हातात आहे.