दारू, बार आणि काडतूस : बंदूक भरण्याच्या मराठी शब्दांचा इतिहास

कंधार, उदगीर आणि औसा येथील किल्ले पाहावयास जाणारा विद्यार्थी प्रथम तोफांपाशी थांबतो, आणि ते स्वाभाविकच आहे. तोफ धातूची, अवजड. म्हणून ती टिकली. परंतु ज्या सामानावाचून तोफ किंवा बंदूक हा केवळ धातूचा नळा ठरतो, ते सामान आज गडावर दिसत नाही. दारूचे शिंग, सुताचा तोडा, रंजकदान, लाकडी गज, कागदाची पुंगळी या वस्तू जळाल्या, कुजल्या किंवा फेकून दिल्या गेल्या. त्या हाताळणाऱ्या सामान्य शिपायाची नोंदही दप्तरांत क्वचितच सापडते. त्याची साक्ष उरली आहे ती मुख्यतः शब्दांत. ती साक्ष इतिहासाच्या अभ्यासकाला कितपत उपयोगी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम क्रिया समजून घेतली पाहिजे. शोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणाने काळी दारू सिद्ध होते. तीत शोऱ्याचा भाग सुमारे तीन चतुर्थांश असतो. तोड्याच्या बंदुकीत ही दारू तोंडाकडून ओतावयाची, वर गोळी सोडावयाची, चिंधीचा किंवा कागदाचा बोळा घालून गजाने ठासावयाची, नळीच्या मागील अंगास छिद्राशेजारी बारीक दारू, म्हणजे रंजक, ठेवावयाची आणि पेटता तोडा तिला लावावयाचा, असा हा क्रम होता. दारूचे माप शिपायाच्या अनुभवावर अवलंबून असे. ती कमी पडली तर गोळी पोहोचत नसे. अधिक झाली तर नळी फुटून भरणाऱ्याचाच घात होई. रंजक उडून आतील दारू पेटली नाही तर बार फुकट जाई. पावसात तोडा विझे, आणि रात्री त्याच्या निखाऱ्यावरून शिपायाचा ठाव शत्रूला कळे.

आता या क्रियेचे शब्द पाहू. वस्तूंची नावे बहुधा बाहेरून आलेली आहेत. ‘तोफ’ हा तुर्की शब्द असून त्याचा मूळ अर्थ गोळा असा आहे. ‘बंदूक’ अरबी ‘बुंदुक’पासून आला, त्याचा अर्थ एका जातीचे कवचफळ आणि त्यावरून लहान गोळी असा होतो. म्हणजे दोन्ही ठिकाणी आत भरावयाच्या वस्तूचे नाव हत्याराला मिळाले. ‘दारू’ फारसीत औषधवाचक आहे. ‘बार’ हाही फारसी शब्द, आणि त्याचा अर्थ ओझे. ‘चकमक’ तुर्की आहे. गारेच्या बंदुकीतून ठिणगी पाडणारा हा शब्द पुढे मराठीत लहान लढाईचा वाचक झाला.

याउलट हाताने करावयाच्या कामांची क्रियापदे पाहावीत. भरणे, ओतणे, ठासणे, शिलगावणे, झाडणे ही सर्व घरचीच आहेत. ‘डागणे’चा संबंध काही जण फारसी ‘दाग’शी जोडतात, तो अपवाद मानला तरी नियमाला बाध येत नाही. नामे परकी आणि क्रियापदे देशी ही विभागणी अर्थपूर्ण आहे. हत्यार व त्याचे नाव दरबाराच्या वाटेने आले. ते चालविण्याचे काम मात्र मराठी बोलणाऱ्या हातांनी केले, आणि त्या हातांनी आपल्या रोजच्या कामातील क्रियापदे त्याला लावली. पोत्यात कापूस ठासणाऱ्याला बंदूक ठासण्यासाठी नवे क्रियापद कशाला हवे होते?

वस्तूंच्या नावांवर राजाज्ञेचाही फारसा परिणाम झाला नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी सिद्ध करविलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि फारसी नावांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. तरीही तोफ, बंदूक आणि दारू हे शब्द लोकांच्या तोंडी कायम राहिले.

तिसरा थर युरोपीय शब्दांचा. पिस्तूल, पलटण, कंपू, गारदी आणि काडतूस हे त्यांपैकी प्रमुख होत. यांतील ‘काडतूस’ या शब्दाकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. त्याची व्युत्पत्ती सामान्यतः पोर्तुगीज ‘कार्तूशु’पासून सांगतात. मराठीतील पोर्तुगीज शब्दांच्या अभ्यासाचा पाया मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांच्या 1913 च्या ग्रंथाने घातला. त्या दिशेने पाहता ही व्युत्पत्ती सहज वाटते. शेवटचा स्वर लोपणे हेही नियमास धरून आहे. ‘प्रातु’चे ‘परात’ असेच झाले. परंतु अंत्य ‘स’ विचार करावयास लावतो. आज पोर्तुगीजमध्ये ‘श’ असा उच्चारला जाणारा हा वर्ण जुन्या काळी ‘च’ होता, आणि आरंभी आलेल्या शब्दांत मराठीने तो ‘च’च ठेवला, ‘चावी’ हे त्याचे उदाहरण होय. ‘काडतूस’ त्याच काळी आला असता तर ‘काडतूच’ असे काही रूप अपेक्षित होते. म्हणून हा शब्द एक तर पोर्तुगीज उच्चार पालटल्यानंतरचा असावा, किंवा फ्रेंच ‘कार्तूश’वरून आला असावा, असे अनुमान निघते. दोहोंपैकी कोणताही पक्ष घेतला तरी तोफ-बंदुकीच्या मानाने हा शब्द बराच उशिराचा ठरतो.

हे अनुमान राजकीय इतिहासाशी जुळते. बुसी 1751 पासून 1758 पर्यंत दख्खनेत सलाबतजंगाच्या पक्षास होता. त्याच्या पद्धतीने तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे पेशव्यांकडे आला आणि 1760 च्या फेब्रुवारीत उदगीर-औशाच्या परिसरातील मोहिमेत सदाशिवरावभाऊंबरोबर निजामाविरुद्ध लढला. सुमारे 60 लक्षांचा मुलूख या मोहिमेने मराठ्यांच्या पदरात पडला. या विजयाचे श्रेय ‘तोफांना’ देऊन आपण मोकळे होतो; परंतु तोफा व बंदुका दोन्ही बाजूंस होत्या आणि शतकाहून अधिक काळ होत्या. 1636 मध्ये उदगीर आणि औसा मोगलांनी घेतले तेव्हाही त्या होत्याच. नवे होते ते कवायती पायदळ. कागदाच्या पुंगळीत आधीच मोजून बांधलेली दारू व गोळी, दातांनी तिचे टोक फाडणे आणि हुकमासरशी सर्वांनी एकदम ठासणे, हा त्या कवायतीचा गाभा होय. तोड्याच्या बंदुकीचा एक बार व्हावयास जेथे एखादे मिनिट सहज जाई, तेथे गारेची बंदूक आणि काडतूस असलेला कसलेला शिपाई त्याच अवधीत दोन-तीन बार काढी. माप शिपायाच्या हातातून निघून कोठाराच्या हाती गेले. ‘काडतूस’ हा शब्द या स्थित्यंतराची खूण आहे.

तरीही मराठी कानाने तो आपलासा केलाच. ‘कार’चे ‘काड’ झाले. आणि काड म्हणजे पिकाचा वाळलेला दांडा, तूस म्हणजे धान्यावरील टरफल. परक्या शब्दात शेतकऱ्याला ओळखीचे दोन शब्द ऐकू आले असावेत. पुढे 1857 मध्ये एन्फील्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसाने हा शब्द छावणीबाहेर सर्वत्र नेला. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये या प्रकरणाची हकिकत आली आहे. दातांनी टोक फाडण्याची क्रिया कवायतीत नसती, तर त्या असंतोषाला मिळालेले रूप निराळे असते.

काडतुसाच्या आगमनाने जुनी रीत लगेच संपली नाही. निजामी राज्यातील अरब शिबंदीच्या हाती लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका होत्या, आणि 1819 च्या जानेवारीत नांदेडजवळील नोव्हा येथील गढीच्या वेढ्यात अरबांसमोर रसेल ब्रिगेडचे कवायती सैनिक उभे ठाकले. तोडा मागे पडून टोपीची बंदूक आली, तरी ठासणी राहिली. आपल्या भागात ठासणीच्या बंदुकीस ‘भरमार’ म्हणतात. भर आणि मार या दोन आज्ञार्थांचे ते नाम आहे. सबंध क्रिया त्यात सामावली आहे. 1947-48 च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत हा शब्द भेटतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमातही पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे.

आज आपण ठासून सांगतो, लग्नाचा बार उडवितो, एखाद्याच्या वल्गनेस फुसका बार म्हणतो. वाक्प्रचार जिवंत आहेत. त्यांमागील क्रिया पाहिलेली माणसे मात्र झपाट्याने कमी होत आहेत. रंजक, गज, तोडा हे शब्द कोशात सापडतील. पण कोणत्या गावी कोणत्या वस्तूस काय म्हणत, दारूचे माप कशाने घेत, हे कोशात सापडणार नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या वृद्धांकडून ते आताच लिहून घ्यावे. तोफ आणखी शंभर वर्षे किल्ल्यावर पडून राहील. शब्दाला तेवढा अवधी नाही.