कल्पित देवाची जन्मकथा

दिव्याहून कर्जतच्या बाजूस जाणारी गाडी कल्याण ओलांडून थोड्याच वेळात अंबरनाथला पोहोचते. तेथील शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. मंदिर शिलाहारांच्या काळातले, हे त्यावरून निश्चित होते. तरीही ते पांडवांनी बांधले, असे लोक सांगत आले आहेत. शिलालेखाला साल असते. पांडवांची गोष्ट प्रथम कोणी सांगितली, हे मात्र कोणासच सांगता यावयाचे नाही. दैवतकथांच्या अभ्यासकाची खरी अडचण हीच आहे. कथा उरते आणि कर्ता हरवतो.

म्हणून आज आम्ही अशा एका देवाचा विचार करणार आहोत, की ज्याचे कर्ते नावानिशी व सालासह ठाऊक आहेत. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ सालच्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटातील हस्तर हा तो देव. विपुलतेची देवी ही सर्व देवांची माता. हस्तर तिचा पहिला पुत्र. त्याने मातेचे सोने घेतले आणि धान्यावरही हात टाकला, तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले. मातेने त्याला वाचविले. परंतु त्याची पूजा कधीही होऊ नये, अशी अट पडली. तुंबाड गावात ती अट मोडली जाते आणि गावावर न थांबणारा पाऊस कोसळू लागतो.

हा देव आपल्या पुराणांत शोधून सापडणार नाही. त्याच्या नावाशी जुळणारे ‘हस्तुर’ हे नाव अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने १८९१ मध्ये एका कथेत योजले. तेथे तो मेंढपाळांचा सौम्य देव आहे. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्स यांनी ते नाव उचलले. लव्हक्राफ्ट यांनी १९३१ मध्ये त्याचा नुसता उल्लेख केला. पुढे ऑगस्ट डर्लेथ यांनी त्याला भयंकर रूप दिले. स्टीफन किंग यांच्या एका आजीच्या कथेतही ते येते. त्याच कथेवरून आपले नारायण धारप (१९२५–२००८) यांनी ‘आजी’ लिहिली, आणि तिचे ऋण बर्वे यांनी मान्य केले आहे. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून आले. मेंढपाळांच्या देवाला कोकणातल्या वाड्यात पोहोचण्यास अशी सुमारे सव्वाशे वर्षे लागली.

परंतु नाव उसने असले म्हणजे देव उसना ठरत नाही. आपल्या व्रतकथांत नेम असतो. तो पाळला तर भरभराट, मोडला तर संकट. बर्वे यांनी हीच घडण घेऊन ती उलटी केली. येथे पूजा हेच पाप आहे. हस्तराजवळ सोने आहे, पण अन्नाचा कण नाही. म्हणून त्याला कणकेच्या बाहुलीची लालूच दाखवून त्याचे सोने लुटावे लागते. १९१८ ते १९४७ या काळात ही कथा घडते. कोकणात तेव्हा खोती जिवंत होती. ती रद्द करणारा कायदा १९४९ चा. वाड्यात सोने आणि कुळाच्या घरी उपास, हा प्रकार आमच्या आजोबा-पणजोबांनी कल्पनेत पाहिलेला नव्हे. देव खोटा असला तरी त्याची भूक कोकणाच्या ओळखीची आहे. आमच्या मते तो मनात ठसतो, तो यामुळेच.

आता उलट उदाहरण घेऊ. संतोषी मातेचे व्रत पूर्वी मर्यादित वर्तुळात होते. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ चित्रपटानंतर ते घरोघर पोहोचले आणि सोळा शुक्रवारांचे उपास होऊ लागले. पडद्यावरून देव्हाऱ्यात जाण्यास एखादे वर्षही पुरते, हा त्याचा अर्थ. त्यात कोणाच्या श्रद्धेची थट्टा करावी, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. श्रद्धा ज्याची त्याची असते. साल मात्र सर्वांचे असते, आणि ते एकदा पुसले गेले, की कालची गोष्टही सनातन म्हणून सांगितली जाऊ लागते. मग तिच्यावरून भांडणेही होतात.

दिव्यातल्या पुष्कळांचे ग्रामदैवत अजून कोकणातल्या गावी आहे. यंदा पालखीला गेलात, तर नमस्कार अवश्य करा. आणि नंतर एखाद्या वृद्धाजवळ बसून देवाची कथा त्यांनी कोणाकडून ऐकली, एवढे विचारून ती लिहून ठेवा. पुढच्या पिढीला तो माग आपणच देऊ शकतो.