ऋणाची दिशा

ऋण म्हटले की आम्हां कामगारांना सावकाराची वहीच आठवते. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त मात्र त्याचा अर्थ दिशेत शोधला. बाजू १० व १७, पाया ९. अशा त्रिकोणाचा लंब पायाबाहेर पडतो नि पायाचा एक खंड उणे ६ येतो. तो उलट दिशेस समजावा, असे आचार्य सांगतात. देकार्तने १६३७ साली भूमितीला बीजगणित जोडले, पण ऋण मुळांना तो ‘खोटी’ म्हणे. खोटी कसली? देणेकऱ्याला विचारा! १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूटनच्या वक्ररेषा दोन्ही अक्षांपलीकडे मोकळ्या फिरल्या. मग आरसा धरणे सोपे : य = २क्ष + ३ ही रेषा य-अक्षात पाहिली तर क्षचेच चिन्ह फिरते, य = −२क्ष + ३. क्ष-अक्षात पाहिली तर तीनही फिरतात, य = −२क्ष − ३.