हप्ता दरमहा, उत्पन्न हंगामी : गृहकर्ज फेडताना घरखर्चाचे नियोजन

गृहकर्जाच्या नियोजनाविषयी जे मार्गदर्शन केले जाते, ते बहुधा महिन्याच्या ठराविक तारखेला पगार जमा होणाऱ्या कुटुंबाला समोर ठेवून केलेले असते. राज्यातील असंख्य कुटुंबांचे वास्तव मात्र निराळे आहे. बुलडाणा तालुक्यातील, जालना जिल्ह्याच्या सीमेजवळचे धाड हे त्याचे चांगले उदाहरण ठरावे. आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ असलेल्या अशा गावात घरातील एक व्यक्ती नोकरी करते किंवा दुकान सांभाळते आणि जोडीला सोयाबीन, कपाशी, हरभरा यांची शेती असते. पगाराचा पैसा दरमहा येतो, शेतीचा पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो आणि एखाद्या वर्षी येतही नाही. गृहकर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने द्यावा लागतो. शहरात राहून दलालीवर, हंगामी व्यवसायावर किंवा गावाकडील शेतीच्या वाट्यावर काही अंशी अवलंबून असणारी कुटुंबेही याच गटात मोडतात. अशा कुटुंबाने कर्ज लवकर फेडण्याची घाई करण्यापूर्वी हप्ता कधीही चुकणार नाही अशी व्यवस्था करणे अगत्याचे आहे. राखीव निधी आधी, मुदतपूर्व फेड नंतर, हा क्रम पाळल्यास दोन्ही गोष्टी साधतात.

हप्त्याची रचना

समजा, एका कुटुंबाने १५ लाख रुपयांचे गृहकर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले आहे. त्याचा मासिक हप्ता सुमारे १३,०१७ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १०,६२५ रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल फक्त २,३९२ रुपयांनी कमी होते. दर कायम राहिला असे धरले, तर २४० हप्त्यांत एकूण सुमारे ३१ लाख २४ हजार रुपये भरावे लागतात. म्हणजे मुद्दलाहून अधिक, सुमारे १६ लाख २४ हजार रुपये, नुसते व्याज होते. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जात असल्यामुळे त्या काळात भरलेली जादा रक्कम सर्वाधिक परिणामकारक ठरते.

घरखर्चाचा ताळेबंद

आता या कुटुंबाचा हातात येणारा पगार दरमहा ३४,००० रुपये आहे, असे मानू. हप्त्याचे १३,०१७, किराणा, दूध व गॅसचे ९,०००, वीज, फोन व पेट्रोलचे ४,०००, शिक्षणाचे ३,००० आणि औषधपाण्याचे १,५०० असा दरमहाचा खर्च ३०,५१७ रुपये होतो. महिन्याला ३,४८३ रुपये शिल्लक दिसतात. येथेच अनेकांची फसगत होते. विम्याचे हप्ते, घरपट्टी, सणवार, कपडे, लग्नकार्यातील आहेर, घराची डागडुजी हे खर्च मासिक नसतात, म्हणून ते हिशेबात धरले जात नाहीत. त्यांची वर्षाची बेरीज ४८,००० रुपये धरली, तरी महिन्याला ४,००० रुपये बाजूला काढावे लागतात. मग शिल्लक राहण्याऐवजी महिन्याला ५१७ रुपयांची तूट येते. वर्षाची ही ६,२०४ रुपयांची तूट शेतीच्या उत्पन्नातून भरून काढावी लागते.

यासाठी वार्षिक खर्चांची यादी वर्षाच्या आरंभीच करावी. एकूण रकमेचा बारावा हिस्सा पगार जमा होताच वेगळ्या बचत खात्यात किंवा आवर्ती ठेवीत टाकावा. हप्ता ज्या खात्यातून आपोआप वळता होतो, त्या खात्याचे एटीएम कार्ड दैनंदिन खर्चासाठी वापरू नये. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने हप्ता परत गेला, तर दंड भरावा लागतो आणि पतइतिहासावर त्याची नोंद होते.

शेतीचा हिशेब वेगळा

शेती आणि घर यांचा पैसा एकाच खात्यात राहिला, की कोणता व्यवहार फायद्यात आहे हे कळेनासे होते. म्हणून शेतीसाठी वेगळे खाते ठेवावे. मालाच्या पट्टीची रक्कम त्यात जमा करावी आणि बियाणे, खते, फवारणी, मजुरी यांचा खर्च त्यातूनच करावा. पुढील हंगामाच्या लागवडीचा खर्च बाजूला ठेवल्यानंतर जे उरेल, तेवढेच घराचे उत्पन्न समजावे.

जिल्ह्यातील कोरडवाहू पीकपद्धतीत पैशाचे चक्र साधारणतः असे असते. जूनमध्ये पेरणीचा खर्च आणि शाळेचा खर्च एकाच वेळी येतात, हा वर्षातील सर्वांत कठीण काळ होय. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास येतात, कपाशीचे त्यापुढील काही महिन्यांत आणि हरभरा-गव्हाचे उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्यामुळे दिवाळीला हाती आलेल्या रकमेतून जून आणि जुलै या दोन महिन्यांचे हप्ते तेव्हाच वेगळे काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

पीककर्जाच्या बाबतीतही दक्षता हवी. अल्पमुदतीच्या पीककर्जावर मिळणारी व्याजाची सवलत वेळेवर परतफेड करणाऱ्यालाच मिळते. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनाही याच अटीवर आधारलेली आहे. घराचा हप्ता भरण्यासाठी पीककर्जाची परतफेड लांबवली, तर स्वस्त कर्ज महाग होऊन बसते. पीककर्जाची रक्कम गृहकर्जाच्या हप्त्याकडे वळवणे तर सर्वथा अयोग्य. त्या वर्षी पीक बुडाले, तर दोन्ही कर्जे एकदमच थकतात.

राखीव निधी किती असावा?

पगारदार कुटुंबाला तीन महिन्यांच्या खर्चाएवढा निधी पुरेसा मानला जातो. उत्पन्नाचा काही भाग शेतीवर अवलंबून असेल, तर सहा हप्ते आणि तीन महिन्यांचा घरखर्च एवढी रक्कम राखीव असणे इष्ट. वरील कुटुंबाच्या बाबतीत सहा हप्त्यांचे ७८,१०२ आणि घरखर्चाचे ५२,५०० असे मिळून सुमारे १ लाख ३१ हजार रुपये होतात.

ही रक्कम मोठी वाटली, तरी तिचे कारण कर्जाच्या नियमांत आहे. कर्जाची थकबाकी ९० दिवसांहून अधिक काळ राहिली, की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये ६० दिवसांची मागणी नोटीस देऊन तारण घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करता येते. एका बुडालेल्या हंगामानंतर पुढचे पीक हाती येण्यास जेवढा काळ लागतो, तेवढा काळ कर्जदाराला या नियमांत मिळत नाही. तो राखीव निधीच मिळवून देतो.

निधी कोठे ठेवावा?

राखीव निधीसाठी व्याजदरापेक्षा सुरक्षितता आणि हवी तेव्हा उपलब्धता महत्त्वाची. याचा प्रत्यय बुलडाणा जिल्ह्याला आलेला आहे. मलकापूर अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि खातेदारांना १० हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढण्याची मुभा राहिली. जुलै २०२३ मध्ये त्या बँकेचा परवानाच रद्द करण्यात आला. बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून प्रति ठेवीदार, प्रति बँक ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. तत्पूर्वी ही मर्यादा १ लाख रुपये होती. तथापि विम्याची रक्कम मिळेपर्यंत हप्ता थांबत नाही.

जिल्ह्यात पतसंस्थांची परंपराही मोठी आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बनने तर जिल्ह्याबाहेरही विस्तार केला. पतसंस्थेशी व्यवहार करताना एक कायदेशीर भेद ध्यानात ठेवावा. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकांतील ठेवींना आहे, सहकारी पतसंस्थांतील ठेवींना नाही. म्हणून राखीव निधी एकाच ठिकाणी न ठेवता दोन बँकांत किंवा एक बँक आणि एक टपाल कार्यालय असा विभागून ठेवावा. टपाल खात्याच्या बचत योजनांमागे केंद्र सरकारची हमी असते. निधीचा काही भाग छोट्या-छोट्या मुदत ठेवींत ठेवल्यास गरजेपुरती एखादी ठेवच मोडावी लागते.

मुदतपूर्व फेड : केव्हा आणि कशी

वरील कुटुंबाला चांगल्या वर्षी शेतीतून निव्वळ १ लाख २० हजार रुपये मिळतात, असे धरू. वार्षिक तूट भरून काढल्यावर सुमारे १ लाख १४ हजार रुपये उरतात. अशी दोन चांगली वर्षे गेल्यास राखीव निधी पूर्ण होऊन ९७ हजार रुपये शिल्लक राहतात. मुदतपूर्व फेडीचा विचार या टप्प्यावर करावा. त्याआधी सावकाराचे देणे, सोनेतारण, क्रेडिट कार्डाची थकबाकी अशी महागडी कर्जे असतील, तर ती प्रथम फेडावीत.

दोन वर्षांनंतर, म्हणजे २४ हप्ते भरून झाल्यावर, मुद्दल सुमारे १४ लाख ३८ हजार रुपये असते. तेव्हा १ लाख रुपये जादा भरून हप्ता तेवढाच ठेवला, तर सुमारे ३१ हप्ते कमी होतात आणि व्याजाचे सुमारे ३ लाख ११ हजार रुपये वाचतात. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर तो सुमारे ९०५ रुपयांनी घटतो आणि व्याजात साधारण ९५ हजार रुपयेच वाचतात. तेच १ लाख रुपये दहा वर्षांनी भरले आणि मुदत कमी केली, तर सुमारे १७ हप्ते आणि १ लाख २० हजार रुपये वाचतात. यावरून राखीव निधी उभा राहिल्यावर विलंब करू नये आणि मुदत कमी करण्याचाच पर्याय लेखी स्वरूपात मागावा, हे स्पष्ट होते. दरमहाची तोंडमिळवणी खरोखरच कठीण होत असेल, तरच हप्ता कमी करून घ्यावा.

बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना जून २०१२ मध्ये मनाई केली. स्थिर दराचे कर्ज असल्यास करारातील अट तपासावी. हंगामी उत्पन्न असलेल्यांसाठी ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज उपयुक्त ठरू शकते. त्यात जादा रक्कम भरल्यास तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरज पडल्यास ती परत काढता येते. मात्र ही सोय काही बँका ठराविक रकमेपुढील कर्जांनाच देतात आणि तिचा दरही काहीसा अधिक असू शकतो.

प्राप्तिकरात सवलत मिळते म्हणून कर्ज चालू ठेवावे, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. वरील कुटुंबाचा पगार तर मुळातच करपात्र मर्यादेच्या खाली राहतो. त्याच्यासाठी हा मुद्दा गैरलागू आहे.

व्याजदर वाढला तर

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी जोडलेली असल्याने ही वाढ लगेच ग्राहकांपर्यंत पोहोचली. ७ टक्के दराने घेतलेल्या १५ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता ११,६२९ रुपये असतो. मुद्दल जवळपास तेवढेच असताना दर ९.५ टक्के झाला, तर महिन्याचे नुसते व्याज ११,८७५ रुपये होते. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढत जाते. बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली, की कर्जदाराच्या हे लक्षातही येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही यांतून निवड करण्याची संधी कर्जदाराला देण्याचे आदेश दिले. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दरात कपात सुरू झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो ५.२५ टक्क्यांवर आला. दर उतरल्यावर हप्ता कमी करून घेण्यापेक्षा जुनाच हप्ता चालू ठेवावा. वाचलेले व्याज आपोआप मुद्दलात जाते. वर्षातून एकदा बँकेकडून कर्जखात्याचा उतारा घेऊन दर, उरलेली मुदत आणि शिल्लक मुद्दल पडताळून पाहावे.

विमा आणि कागदपत्रे

कमावत्या व्यक्तीचा शुद्ध मुदत विमा किमान कर्जाच्या रकमेएवढा असावा. कर्ज देणाऱ्या संस्थेनेच सुचवलेली पॉलिसी घेण्याचे बंधन नसते. तिचा एकरकमी हप्ता कर्जात मिळवला गेल्यास त्यावरही वीस वर्षे व्याज भरावे लागते, म्हणून बाहेरील पॉलिसीशी तुलना करूनच निर्णय घ्यावा. हप्ते भरणे जड जाते म्हणून आरोग्य विमा बंद करणे हीदेखील महागात पडणारी काटकसर होय.

कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांच्या आत परत करावीत, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेच्या चुकीने विलंब झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. कागदपत्रांसोबत कर्ज निरंक असल्याचा दाखला घ्यावा आणि मिळकत पत्रिका, सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ यांपैकी जेथे बोजाची नोंद असेल, तेथून ती कमी करून घ्यावी. ही नोंद तशीच राहिल्यास पुढे वाटणी किंवा विक्रीच्या वेळी वारसांना अडचण येते.