राखेची कुळकथा

औष्णिक विद्युत्केंद्रातील कोळशाची राख सिमेंटात मिसळलेली आहे, असे कळताच आजही पुष्कळ घरमालकांच्या मनात भेसळीची शंका डोकावते. परंतु या राखेच्या कुळाची विचारपूस केली, तर ते आधुनिक सिमेंटाहूनही कितीतरी प्राचीन असल्याचे आढळून येते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने नेपल्सच्या परिसरातील, चुन्याशी संयोग होताच पाण्याखालीही घट्ट होणाऱ्या, ज्वालामुखीजन्य मातीची महती वर्णिली. आणि नदीची वा समुद्राची वाळू वापरणे भाग पडल्यास तीत भाजलेल्या खापरांचा कुटून चाळलेला भुगा एकतृतीयांश घालावा, असेही लिहून ठेवले.

आपल्याकडे हीच विद्या सुरखीच्या रूपाने नांदत होती. भाजलेल्या विटांचा भुगा चुन्यासह घाणीत पडे, बैलांच्या संथ फेऱ्यांबरोबर दगडी चाक त्यावरून फिरत राही, आणि मसाला लोण्यासारखा मऊ झाल्यावाचून कसबी गवंडी त्याला हात लावीत नसे. १८९५ साली पुरे झालेले मुल्लपेरियार धरण याच चुना-सुरखीच्या बळावर उभे राहिले.

१८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिनला पोर्टलँड सिमेंटाची सनद मिळाली आणि कालांतराने सुरखीचा अंमल सरला. तथापि १९३७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळशाच्या राखेतही तोच गुण असल्याचे सिद्ध केले, पुढे माँटानातील हंग्री हॉर्स धरणात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, आणि आपल्या देशात रिहंद धरणाने तिचा स्वीकार केला.

सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी राखेतील सिलिका सावकाश संयुक्त होऊन नवे बंधक द्रव्य निर्माण करते. त्यामुळे काँक्रीटची छिद्रे बुजतात, आतील उष्णता कमी होते, आणि सिमेंट कमी लागल्याने भट्टीतून हवेत जाणारा कर्बवायूही घटतो. मात्र हे कार्य मंदगतीचे असल्यामुळे, साध्या सिमेंटाच्या कामावर किमान सात दिवस पाणी मारावे लागते, तेथे राखमिश्रित सिमेंटाच्या कामावर किमान दहा दिवस मारावे, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. ही मुदत न पाळता राखेला दोष देणे हा उघड अन्याय होय. ती पाळणाऱ्याच्या पदरी मात्र, पूर्वजांच्या चुनेगच्चीला शोभेल अशी मजबुती पडते.